चक्रीय संख्या (१४२८५७)

चक्रीय संख्या : एखाद्या संख्येस १, २, ३ इ. क्रमाने तिच्यातील अंकांच्या संख्येपर्यंत गुणले असता प्रत्येक गुणाकारात तेच अंक त्याच चक्रीय क्रमाने येत असतील, तर तिला चक्रीय संख्या म्हणतात. १४२८५७ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. तिची २, ३, ४, ५ व ६ पट अनुक्रमे २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५ व ८५७१४२ येते. सातपट मात्र ९९९९९९ होते. तिचे दोन समान भाग करून मिळविल्यास १४२ + ८५७ = ९९९ आणि तीन भाग केल्यास १४ + २८ + ५७ = ९९ अशी बेरीज येते.

या गुणधर्मांचे मूळ १/७ = ०·१४२८५७१४२८५७… या आवर्ती अपूर्णांकात आहे. १ ला ७ ने भागताना १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या क्रमाने येतात व पुन्हा १ येऊन चक्र पूर्ण होते. ७ पेक्षा लहान अशा सर्व बाक्या या एकाच चक्रात येत असल्याने ३/७ चा भागाकार याच चक्रात बाकी ३ पासून सुरू होतो व ४२८५७१ हे अंक मिळतात. याउलट १/१३ चे आवर्तन ०७६९२३ हे सहाच अंकांचे असून २/१३ चे आवर्तन १५३८४६ असे वेगळे आहे. म्हणून ०७६९२३ ही चक्रीय संख्या नव्हे. १/१७ पासून ०५८८२३५२९४११७६४७ ही सोळा अंकी चक्रीय संख्या मिळते. तीत आरंभीचे शून्य राखावे लागते. हा गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. अष्टमान पद्धतीत १/७ = ०·१११… असल्याने तो उरत नाही.

१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ + १२२४४९ = १४२८५७ होतात. अशा संख्यांना देवळाली (जि. नासिक) येथील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांच्या नावावरून ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

१०० पेक्षा लहान अविभाज्य संख्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ व ९७ या नऊ संख्यांपासून चक्रीय संख्या मिळतात. अशा अविभाज्य संख्या अनंत आहेत किंवा काय, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. एमील आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अटकळीनुसार त्या अनंत असून त्यांचे सर्व अविभाज्य संख्यांशी प्रमाण सु. ३७·४ टक्के असावे. क्रिस्टोफर हूली यांनी १९६७ मध्ये ही अटकळ सिद्ध केली. परंतु ती सिद्धता स्वतःच असिद्ध असलेल्या व्यापक रीमान गृहीतकावर आधारलेली आहे. शाळकरी मुलासही पडताळून पाहता येणाऱ्या या गुणाकारांतून निघालेला प्रश्न अशा रीतीने संख्या सिद्धांतातील एका मोठ्या अनुत्तरित प्रश्नाशी जाऊन भिडतो.