वनसीमेवरील नागरी वस्ती आणि वणव्याचे व्यवस्थापन : कॅलिफोर्नियाच्या संदर्भात

प्रस्तावना :
जंगल व नागरी वस्ती जेथे परस्परांना भिडतात, तेथे वणवा ही केवळ वनखात्याची समस्या राहत नाही. ती घरबांधणीची व नगरनियोजनाचीही समस्या ठरते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियात विद्युतवाहिनीतील बिघाडातून लागलेला ‘कॅम्प फायर’ हा वणवा काही तासांतच पॅराडाइज या नगरात शिरला. त्यात ८५ जणांचा मृत्यू झाला व १८,००० हून अधिक बांधकामे नष्ट झाली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिस परिसरानेही असाच विध्वंस अनुभवला. अशा प्रदेशात वणव्यासह सुरक्षितपणे कसे राहता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दमनाचे धोरण व त्याच्या मर्यादा :
अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ मध्ये प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आणण्याचे धोरण स्वीकारले. करुक, युरोक आदी मूलनिवासी जमाती ठराविक ऋतूत छोटे जाळ लावून रान मोकळे ठेवीत. ती प्रथाही बंद पाडण्यात आली. परिणामी पाइनच्या वनांत झुडपे, कोवळी झाडे व पालापाचोळा साचत गेला. १९७८ मध्ये हे धोरण सोडण्यात आले. अशा वनांत नियंत्रित जाळ उपकारक ठरतो. दक्षिणेकडील ‘चॅपरल’ या झुडपी रानात मात्र वारंवार लागणाऱ्या आगींमुळे झुडपे नाहीशी होऊन त्यांची जागा लवकर पेटणारे परकीय गवत घेते. म्हणून एकच उपाय सर्वत्र लागू पडत नाही.

घर पेटण्याची प्रक्रिया :
ज्वालांची भिंत येऊन घर गिळते, असा सर्वसाधारण समज आहे. वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांच्या अभ्यासानुसार मोठ्या ज्वालांची धगदेखील ३० ते ४० मीटरांपलीकडील लाकडी भिंत सहसा पेटवू शकत नाही. बहुतांश घरे पेटतात ती वाऱ्याने दूरवर उडून आलेल्या ठिणग्यांमुळे. पन्हळीतील वाळला पाला, माळ्याचे झरोके, भिंतीलगतचे सरपण येथे त्या धुमसतात. पुढे एक घर दुसऱ्याला पेटवते. पॅराडाइजमध्ये घरे राख झाली, तरी अनेक ठिकाणी भोवतालचे वृक्ष उभेच राहिले, ते यामुळेच.

उपाययोजना :
कॅलिफोर्नियात वणवाप्रवण क्षेत्रातील घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवणे बंधनकारक आहे. २००८ पासून तेथील नव्या घरांना अग्निरोधक छप्पर व ठिणग्या रोखणारे झरोके आवश्यक ठरले. २०२० च्या कायद्याने भिंतीलगतचे ५ फूट ज्वलनशील वस्तूंपासून मुक्त ठेवण्याची तरतूद केली. तथापि, जुनी घरे बांधकामाच्या या नियमांबाहेर राहतात आणि एकाची दक्षता शेजाऱ्याच्या हयगयीने निष्फळ ठरते.

निष्कर्ष :
वणवा टाळणे नेहमी शक्य नाही. घर पेटणे मात्र पुष्कळ अंशी टाळता येते. परंतु पॅराडाइजमधील मृतांत बहुसंख्य वृद्ध होते. ज्यांना पन्हळ साफ करणे वा छप्पर बदलणे झेपत नाही, त्यांचा भार समाजाने उचलल्याशिवाय संपूर्ण वस्ती सुरक्षित होणार नाही.