एक कपार हवी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी ‘यंदा वैद्यकाबाहेरचे काही लिहा’ अशी प्रेमळ अट घातली. म्हणून पालीवर लिहीत आहे. वाचकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकेल याची कल्पना आहे. अंगावर पाल पडली तर काय फळ मिळते याची कोष्टके पंचांगात छापणाऱ्या समाजात आपण वाढलो. परंतु ही पाल भिंतीवरची नव्हे.

2023 च्या मे महिन्यात मी न्यू जर्सीला भावाकडे गेले होते. माझा अकरा वर्षांचा भाचा वर्षभरापूर्वीच बडोदे सोडून तेथे गेलेला. नव्या शाळेत तो अबोल झाला आहे, खोलीचे दार लावून बसतो, ही वहिनीची तक्रार. भावाने तर ‘दार उघडे राहिले पाहिजे’ असा दंडकच घातला होता. मुलाला विरंगुळा म्हणून एक लेपर्ड गेको आणून दिली होती. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून तिचे नाव ‘मिरी’.

या जातीचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. 1854 मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी तिचे वर्णन केले. मूळ वस्ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशात. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ही भिंत चढत नाही. डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात, आणि शरीरातली चरबी ती शेपटीत साठवते.

मिरीची शेपटी रोडावली होती. “आत्या, ही काही खातच नाही,” भाचा म्हणाला. पशुवैद्यांनी तपासून जंत नसल्याचा निर्वाळा दिला होता आणि काचपेटीतील मांडणी पाहायला सुचविले होते. सवयीने मी आधी इतिहास विचारला. केव्हापासून? तीन आठवडे. त्याआधी काय बदलले? तो थोडा घुटमळला. “मित्र बघायला यायचे, तर ही दगडाखाली लपलेली. दिसायचीच नाही. म्हणून तो दगड मी काढून टाकला.”

निदान तेथेच झाले. हा प्राणी दिवसभर कपारीत दडून असतो आणि संधिप्रकाशात बाहेर पडतो. पाठ आणि कुशी दगडाला टेकल्या की त्याला सुरक्षित वाटते. शिवाय त्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. पचनासाठीही ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून आडोसे तीन हवेत: एक 32 अंश सेल्सियसच्या आसपास उबदार, एक 25 अंशांच्या आसपास थंड आणि एक ओलसर. आडोसा फक्त थंड कोपऱ्यात असेल, तर सुरक्षितता हवी की ऊब, अशी निवड त्या जिवाला करावी लागते. ओलसर आडोसा कात टाकण्यासाठी लागतो. बोटांवर कातडीचे कडे राहिले, तर रक्तपुरवठा तुटून बोट झडू शकते.

भाच्याला किल्ल्याच्या आकाराचे, मोठ्या दरवाजाचे घर करायचे होते. मी विचारले, “खरे कुणाला वाटायला हवे, तुला की तिला?” तिला रंगाशी कर्तव्य नाही; तिला हवा अंधार, बुटके छत आणि खडबडीत भिंत. अखेर तह झाला. आतून कपार तिच्या मापाची, बाहेरून रंग पावागडच्या खडकांचा. ती सूचना त्याचीच होती. बडोद्यात असताना दर पावसाळ्यात आम्ही तेथे जात असू.

इमारतींत उष्णतारोधक म्हणून वापरतात त्या घट्ट थर्मोकोलच्या इंचभर जाडीच्या पट्ट्या आम्ही वेड्यावाकड्या कापल्या. बुरशीनाशक नसलेल्या सिलिकोनने त्या थरांवर थर चिकटवल्या आणि सुरीने कडा कोरल्या. त्यावर फरशीच्या सांध्यांत भरतात त्या ग्राउटचे लेप दिले. पहिला ताकासारखा पातळ, म्हणजे तो फटींत उतरतो. पुढचे तीन दह्यासारखे दाट. प्रत्येक लेप एक दिवस वाळू दिला. शेवटच्या लेपात काळा आणि तांबडा रंग मिसळला, वर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट राखाडी रंग उंचवट्यांवर फिरवला, आणि एकाएकी थर्मोकोलचा खडक झाला. शेवटी पाण्यात विरघळणाऱ्या बिनविषारी वार्निशचे दोन हात दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर थांबलो.

काही पथ्ये सांगते. थर्मोकोल कोठेही उघडा राहू नये. खाद्य म्हणून सोडलेले किडे तो कुरतडतात. थर्मोकोल ऊब अडवतो, म्हणून उबदार कपारीचे छत आम्ही पातळ दगडी फरशीचे केले. दिव्याने ती तापते आणि ऊब आत उतरते. खडक वाळूवर नव्हे, पेटीच्या तळावर टेकवावा, नाहीतर प्राण्याने उकरले की तो त्याच्याच अंगावर बसतो. वरचा भाग उचलता यावा, म्हणजे साफसफाई होते. ओलसर आडोशासाठी झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा आणि आत ओले शेवाळ पुरते.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला असू शकतो आणि प्राणी निरोगी दिसतो. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात हे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या सीडीसीचा सल्ला आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पेटीतील वस्तू स्वयंपाकघरात धुऊ नयेत. आणि आपल्याकडे रानातली पाल पकडून पाळण्याचा मोह कोणी धरू नये.

खडक ठेवला त्या क्षणी मिरी आत गेली ती चार दिवस दिसलीच नाही. भाचा कासावीस झाला, पण त्याने छत उचलले नाही. पाचव्या रात्री कपारीतून तोंड बाहेर आले आणि तिने पहिला रातकिडा टिपला. आम्ही तिघे अंधारात श्वास रोखून पाहत होतो, भाऊही होता. भाचा म्हणाला, “बाबा, आता जाऊ या. तिला खाऊ दे.” मग तो अंथरुणावर पडला. भाऊ खोलीतून शेवटी निघाला आणि जाताना, कोणी न सांगता, त्याने दार हलकेच ओढून घेतले.

माझ्या दवाखान्यात मूल आईच्या पदराआड लपले की पूर्वी मी म्हणत असे, “अरे, घाबरतोस काय? ये बाहेर.” आता म्हणत नाही. आईशी बोलत राहते, स्टेथोस्कोप टेबलावर ठेवते आणि वाट पाहते. बहुतेक मुले आपणहून बाहेर येतात.