शून्य येईपर्यंत

मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी, ठाण्याला खाडी. तरीही घरातल्या खाऱ्या टाकीसाठी समुद्र नळाच्या पाण्यापासून बनवावा लागतो, हे कळल्यावर ते काम मला बघायचंच होतं. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, गाळ. पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. म्हणून टाक्या लावणाऱ्या एका तरुणाबरोबर ठाण्यातल्या त्याच्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो.

त्यानं आधी पेनाएवढा टीडीएस मीटर काढला. पाण्यात विरघळलेले क्षार तो लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवतो. नळाचं पाणी मोजलं : 84. "आमच्याकडे आरओ आहे, ते चालेल ना?" घरच्या ताईंनी विचारलं. त्यानं तेही मोजलं : 38. "ताई, पिण्याच्या पाण्यात चवीसाठी थोडे क्षार राखतात. इथं शून्यच लागतं."

मग त्यानं गाळाचा फिल्टर, क्लोरीन शोषणारा कार्बन, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार धरणाऱ्या रेझिनची पारदर्शक नळी जोडली. मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्यात मीटर 4 दाखवू लागला. मला ते पुरेसं वाटलं, त्याला नाही. रेझिनमधून आलेलं पहिलं पाणी त्यानं सोडून दिलं, पुन्हा मोजलं. शून्य.

एवढा अट्टाहास कशासाठी? "पाणी उडतं ताई, क्षार उडत नाहीत." टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडालं, तर तेवढंच गोडं पाणी रोज भरावं लागतं. ते नळाचं 84चं असेल, तर वर्षभरात साठ ग्रॅमहून जास्त क्षार टाकीत साचतात. त्यात फॉस्फेट असेल तर शेवाळ माजतं, सिलिकेट असेल तर काचेवर तपकिरी थर धरतो. जुन्या पितळी जोडातून तांबं उतरलं, तर कोळंबी आणि प्रवाळ जगत नाहीत. मीटर किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. म्हणून भरवशाचा आकडा एकच : शून्य.

या शुद्धतेची किंमत मला खटकली. एक लिटर पाणी मिळवताना तीन-चार लिटर बाहेर जातं. पण बाहेर जाणाऱ्या त्या पाण्याची नळी त्यानं आल्या आल्या पिंपात सोडली होती. ते पाणी लादी-कपड्यांना.

मग मिठाची पाळी. खाऱ्या टाकीसाठीचं तयार मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर त्यातलं कॅल्शियम विरघळण्याऐवजी पांढरा साका होऊन तळाशी बसतं. किलोला 35 ग्रॅम खारटपणा येईपर्यंत मोजत राहायचं आणि पंप रात्रभर फिरू द्यायचा.

"वाढदिवसाला क्लाउनफिश येतील ना?" ताईंच्या मुलीनं विचारलं. वाढदिवस पुढच्या आठवड्यात होता. तो खाली बसला आणि तिला नाही म्हणाला. माशांना घातक असलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, वाळूत वसायला महिना-दीड महिना जातो. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्हींचा आकडा शून्य आल्याशिवाय मासा सोडायचा नाही. पहिलं शून्य पैशानं मिळालं होतं. हे दुसरं मिळायला वेळच द्यावा लागतो.

क्लाउनफिशची पैदास आता हॅचरीत होते, पण शोभेच्या समुद्री माशांच्या बहुतेक जाती अजूनही प्रवाळखडकांवरून पकडूनच आणतात. ज्याला त्याच्या पाण्यातून उचललं, त्याला धड पाणी देणं हे आपलं पहिलं देणं आहे. त्या दिवशी मासे विकले असते तर त्या तरुणाला चार पैसे सुटले असते, तरी तो थांबला. ज्याला दीड महिना बिनमाशांची टाकी बघवत नाही, त्यानं समुद्र घरी आणू नये.