सहा पिल्लांची पिशवी

ब्रुकलिनची अ‍ॅक्वेरियम सोसायटी 1911 सालची, बॉस्टनची 1916ची, न्यूयॉर्कमधली ग्रेटर सिटी 1922ची. अमेरिकेत हौसेने मासे पाळणाऱ्यांच्या क्लबांनी कधीच शंभरी ओलांडली आहे, तरी बहुतेकांना स्वतःचं छप्पर नाही. सभा भरते ती चर्चच्या तळघरात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये. हॉलचं भाडं, विमा, दुसऱ्या राज्यातून बोलावलेल्या वक्त्याचं विमानाचं तिकीट, त्याच्या मुक्कामाची सोय, हे सगळं वर्गणीत भागत नाही. क्लबचा संसार चालतो लिलावावर, आणि लिलाव चालतो सभासदांनी घरी वाढवलेल्या माशांवर.

लिलावाचं तंत्र साधं आहे. मोठ्या पिशवीत थोडं पाणी, वर भरपूर हवा, आत मासे. फुटू नये म्हणून बाहेरून आणखी एक पिशवी. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, संख्या आणि विकणाऱ्याचा क्रमांक. वार्षिक लिलावात अशा शेकडो पिशव्या टेबलांवर मांडलेल्या असतात, त्यामुळे पुकारणाऱ्याला एकेकीवर रेंगाळता येत नाही. आलेल्या रकमेची वाटणी क्लबगणिक वेगळी: कुठे निम्मी-निम्मी, कुठे साठ-चाळीस, कुठे सत्तर-तीस. मोठा हिस्सा बहुधा मासे आणणाऱ्याचा. शिवाय ‘माझा वाटा नको, सगळं क्लबला’ असं सांगण्याची मुभा असतेच. वाद सुरू होतो तो या मुभेपासून.

एक गट म्हणतो, छंद आहे, धंदा नाही. मासे क्लबला देऊन टाकावेत. दुसरा गट मोठ्याने बोलत नाही, घरी गेल्यावर विजेचं बिल बघतो.

त्या बिलात काय काय असतं ते पाहू. तळघरात तीस-चाळीस टँक ठेवणारा माणूस अमेरिकेत फारसा दुर्मीळ नाही. थंड प्रदेशात ती खोली हिवाळाभर गरम ठेवावी लागते. एअर पंप चोवीस तास चालू. नुकत्याच पोहू लागलेल्या पिल्लांना जिवंत खाद्य लागतं. त्यासाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची अंडी विकत आणायची (यातली बरीच युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात), मिठाच्या पाण्यात उबवायची आणि दिवसातून दोन-तीनदा भरवायची. पाणी बदलणं वेगळंच. मग तीन-चार महिन्यांनी सहा पिल्लांची पिशवी टेबलावर जाते. समजा तिला दहा डॉलर मिळाले आणि वाटणी साठ-चाळीस असली, तर हाती सहा डॉलर. यात वेळेचा हिशेब कुणी धरत नाही आणि धरूही नये, कारण धरला तर उद्या सगळे टँक विकायला निघतील. पण खाद्य आणि विजेचे पैसे निघावेत एवढी अपेक्षा ठेवणाऱ्याला हावरट म्हणणं मला तरी पटत नाही.

करखात्यालाही दानशूरांचं कौतुक नाही. क्लब धर्मादाय म्हणून नोंदलेला असला तरी दात्याला स्वतःच्या वेळेची सूट मागता येत नाही. घरी वाढवून विकण्याजोग्या मालाची वजावट साधारणपणे त्यावर झालेल्या खर्चापुरतीच, बाजारभावाची नाही. उलट छंदातून चार डॉलर सुटले तर ते उत्पन्नात दाखवायचे, आणि 2018पासून त्यासमोर छंदाचा खर्च दाखवायची सोयही गेली. थोडक्यात, दिलं तरी नुकसान, विकलं तरी नुकसान. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल.

बहुतेक क्लबांत प्रजननाची एक स्पर्धा वर्षभर चालते. सभासदाने एखाद्या जातीची पिल्लं काढायची, महिना-दोन महिने जगवून दाखवायची आणि त्याबद्दल गुण मिळवायचे. सोप्या जातीला कमी गुण, अवघडला जास्त. पुरेसे गुण साठले की ‘मास्टर ब्रीडर’सारखी पदवी आणि भिंतीवर लावायला सन्मानपत्र. अनेक ठिकाणी अट अशी, की गुण हवे असतील तर काही पिल्लं, बहुधा सहा, क्लबच्या मासिक लिलावासाठी फुकट द्यायची.

ही सहाची अट वरवर समान दिसते. ब्रिसलनोझ नावाचा शेवाळ खाणारा कॅटफिश घ्या. नर गुहेत अंडी राखतो आणि एका खेपेला पन्नास-शंभर पिल्लं सहज निघतात. यातली सहा दिली तर देणाऱ्याची एक जागा रिकामी झाली, एवढंच. आता त्याचाच दूरचा भाऊबंद झेब्रा प्लेको घ्या, ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तिथून त्याची निर्यात बंद, नदीवर बेलो मोंचीचं धरण. मादी एका वेळी जेमतेम डझनभर अंडी घालते आणि पिल्लं वाढतात अगदी संथ. एकेकाला शंभर डॉलरच्या पुढे भाव. त्यातली सहा फुकट मागणं म्हणजे निम्मा हंगाम मागणं. शहाणे क्लब अशा वेळी एखादंच पिल्लू घेतात किंवा वाटणीवर विकू देतात. आडमुठे क्लब नियमावर बोट ठेवतात आणि मग त्या माणसाचे मासे लिलावात पुन्हा दिसत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: गुणांच्या बदल्यात सक्तीने घेतलेल्या पिल्लांना दान म्हणू नये. ते शुल्क आहे. तसं सरळ म्हटलं, तर रक्कम किती असावी यावर निदान चर्चा तरी होईल.

सढळ हाताची दुसरी बाजू आणखी अवघड आहे. नोकरीतून निवृत्त झालेला, पैशांची ददात नसलेला एखादा सभासद वीस पिशव्या चेरी कोळंबी क्लबला अर्पण करतो. टाळ्या पडतात. त्याच दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने तीच कोळंबी आणलेली असते, पुढच्या महिन्याचं खाद्य सुटेल या आशेने. विसाव्या पिशवीपर्यंत भाव एक डॉलरवर येतो. त्या पोराचं नुकसान कुणी मुद्दाम केलेलं नसतं, म्हणून कुणी बोलतही नाही. एका जातीच्या अमुक इतक्याच पिशव्या, असे नियम काही क्लब करतात ते यासाठी. औदार्यावरही मर्यादा घालावी लागते, हे दात्यांना पचायला वेळ लागतो.

मग द्यायचंच कशाला? त्याचं उत्तर किलीफिशवाल्यांकडे आहे. पूर्व आफ्रिकेतले नोथोब्रँकियस हे किलीफिश पावसाळी डबक्यांत जन्मतात आणि डबकं आटलं की मरतात. मागे चिखलात त्यांची अंडी उरतात. पाळणारे ती अंडी ओलसर पीटमध्ये काही महिने ठेवतात आणि छोट्या पुडीत भरून टपालाने पाठवतात. अमेरिकन किलीफिश असोसिएशन 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तिचे सभासद आपापसांत मासे आणि अंडी माफक किमतीत देतात-घेतात. हे मासे दुकानात क्वचितच मिळतात. कुठल्या देशात, कोणत्या साली, कुठल्या डबक्यातून धरले, याच्या संकेतांकासह एखादा वाण पाच-सहा घरांत टिकून असतो. वीज जाऊन आपल्या टँकमधले मासे मेले, तर तोच वाण परत मिळण्याची जागा एकच: ज्याला कधीकाळी आपण तो दिला होता, त्याचं घर. इथे स्वस्तात देणं हा विम्याचा हप्ता असतो.

हा विमा कधी कधी आख्ख्या जातीच्या कामी येतो. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात तेऊचित्लान नावाची लहानशी नदी आहे. तिथला बोटाच्या पेराएवढा ‘टकीला’ मासा, झूगोनेटिकस टकीला, निसर्गातून नाहीसा झाला होता. उरला होता तो हौशी लोकांच्या काचपेट्यांत. 1998 साली इव्हान डिबल या ब्रिटिश हौशी पालकाने त्याच्या काही जोड्या मोरेलियाच्या मिचोआकान विद्यापीठात पोहोचवल्या. त्यांच्यापासून प्रयोगशाळेतली वसाहत वाढली. चेस्टर प्राणिसंग्रहालयाच्या मदतीने सुमारे दीड हजार मासे नदीत सोडले आणि तिथे ते आता स्वतःच पिल्लं देतात. या व्यवहारात त्या जोड्यांची किंमत कशी लावणार? पण म्हणून प्रत्येक गप्पीवाल्याला टकीला माशाचं उदाहरण सुनावून त्याचा साठ टक्के वाटा सोडायला लावणं ही लबाडी झाली.

रोख आणि दान यांच्यामधली एक वाट आपल्याकडे अकोले तालुक्यात दिसते. राहीबाई पोपेरे यांच्या बीज बँकेतून गावरान बियाणं नेणाऱ्याने पुढच्या हंगामात दुप्पट परत करायचं असतं. काही मत्स्य क्लबही याच अंगाने जातात. दुर्मीळ जातीचा छोटा थवा क्लबच्या पैशाने विकत घ्यायचा, अनुभवी सभासदाकडे सोपवायचा, आणि पिल्लं झाली की ठरलेला हिस्सा क्लबने घ्यायचा, बाकीचा त्याचा. वीज त्याची, मासे क्लबचे, पिल्लं दोघांची. अडचण एकच: मासे वाटेतच मेले तर? पैसे भरून द्यायला लावलं तर पुढच्या खेपेला कुणी हात पुढे करणार नाही, म्हणून ते नुकसान क्लबनेच सोसावं. खजिनदार कुरकुरला, तर त्याला पुढच्या लिलावाची तारीख सांगावी.