नाईलकाठचा शेवगा

ऑगस्ट लागला की निळी नाईल निळी राहत नाही. इथिओपियाच्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस तिथली माती खरवडत सुदानात उतरतो. मग काठावरच्या खेड्यांतल्या बायका जे भरून नेतात, त्याला पाणी म्हणावं की पातळ चिखल, असा प्रश्न पडतो. तुरटी आणायची तर पैसे हवेत. घरात 'झीर' असतो, म्हणजे आपला मातीचा रांजण. त्यात ओतलेला हा चिखल काही घरांत तासा-दोन तासांत निवळून वर नितळ पाणी येई.

ते कसं, हे शोधायला १९७०च्या दशकात सामिया अल अझहारिया यान या जर्मन संशोधक सुदानातल्या खेड्यांकडे वळल्या. त्यांना बघायचं होतं, बायका रांजणात काय टाकतात ते. कुठे नदीकाठची एक ठरावीक माती निघाली. गढूळ पाण्यात आणखी माती कालवायची, की गाळ खाली! पाणी निवळवणाऱ्या अशा वस्तूला तिथे 'रव्वाक' म्हणतात. आणि काही घरांत मातीऐवजी एका झाडाच्या बिया निघाल्या. झाडाचं नावच 'शजरत अल-रव्वाक', निवळवणारं झाड.

ते झाड म्हणजे आपला शेवगा.

मला या गोष्टीतली सगळ्यात मोठी गंमत इथेच वाटते. शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा. सुदानात तो इंग्रजांच्या अमलात पोचला, तोही बागेत शोभेसाठी. पाणी निवळवायला आपल्याकडे निवळी होती. तिची बी उगाळून पाण्यात घालायची. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी दिल्या आहेत, त्यांत 'कतक' म्हणजे ही निवळी आहे, शेवगा नाही. का नसावा? माझा तर्क साधा आहे. आपण शेंग कोवळी असतानाच आमटीत घालतो. बी पिकायला झाडावर राहतेच कुठे? शोभेच्या झाडावर मात्र शेंगा वाळल्या, तडकल्या, बिया खाली पडल्या. त्या पहिल्यांदा कुणी कुटून पाण्यात टाकल्या, तिचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

यान यांनी सुदानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हमीद दिरार यांच्यासह १९७९ मध्ये या बियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृती स्वयंपाकघरातलीच. पंखांची तपकिरी साल काढून पांढरा गर कुटायचा, थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचा, ते दुधाळ पाणी भांड्यात ओतून आधी भराभर आणि मग सावकाश ढवळायचं, आणि मग हात लावायचा नाही. फार गढूळ पाण्याला लिटरमागे एक-दोन बिया.

किमया प्रथिनाची आहे. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. बीमधल्या प्रथिनावर धन भार असतो. ते कणांना चिकटतं, कणांचे पुंजके होतात, जड होऊन तळाला बसतात. जंतूंच्या पृष्ठभागावरही ऋण भारच. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पहिल्या एक-दोन तासांतच ९० ते ९९.९९ टक्के जंतू गाळाबरोबर खाली गेलेले दिसले.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच चाचण्यांत भांडी चोवीस तास तशीच ठेवली, तेव्हा हगवणीचे काही जंतू पुन्हा वाढू लागले. पटकीचे वाढले नाहीत, एवढंच समाधान. बीमधला इतर सेंद्रिय अंश पाण्यात उरतो आणि जंतूंना खाद्य मिळतं. म्हणजे नितळ पाणी आणि पिण्याजोगं पाणी यांत अंतर उरलंच. उकळणं किंवा क्लोरीन चुकत नव्हतं. तरी पाणी आधी निवळलेलं असलं की क्लोरीन कमी लागतं, हा फायदा लहान नाही. मलावीत थायोलोच्या जलशुद्धीकरण केंद्रात तर इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या अभियंत्यांनी तुरटीच्या जागी या बिया वापरून पाहिल्या, आणि त्या चालल्या.

उरलेल्या अंशाचं काय करायचं, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून २०१२ मध्ये आलं. बियांचा अर्क वाळूत मिसळायचा. वाळूवरही ऋण भार, त्यामुळे प्रथिन तिला घट्ट धरतं. मग वाळू धुवायची; नको तो अंश वाहून जातो, प्रथिन राहतं. अशा वाळूतून पाणी गेलं की गाळ आणि जंतू दोन्ही तिला चिकटतात, जंतू मरतातही.

हे सगळं वाचल्यापासून आमच्या परसातल्या शेवग्यावर चार शेंगा मुद्दाम ठेवल्यात. वाळल्या की पावसाळ्यातलं ओढ्याचं पाणी बादलीभर आणून बघणार आहे, पिण्यासाठी नव्हे, नुसतं बघायला. आईला ते पटलेलं नाही. शेंग निबर होईपर्यंत झाडावर ठेवायची, म्हणजे तिच्या लेखी निव्वळ आळस.