ब्रोचची मागची बाजू

आज इंग्लंडला जाऊया, पण राजवाड्यात नाही, कबरींमध्ये. काळ साधारण इ. स. 450 ते 600. रोमन सत्ता संपलीय, आणि उत्तर जर्मनी-डेन्मार्ककडून आलेले लोक तिथे वसलेत. हेच अँग्लो-सॅक्सन.

त्यांच्या बायकांचा पेहराव असा: लोकरी कापडाची मोठी नळी, काखेपर्यंत ओढलेली. पुढची आणि मागची कड खांद्यावर एकत्र धरायची आणि तिथे ब्रोच टोचायचा. दोन खांदे, दोन ब्रोच. म्हणजे ब्रोच निघाला की कपडा खाली! मिरवायची वस्तू होतीच, पण काम बटणाचं. दोन्ही ब्रोचच्या मध्ये अंबर आणि काचेच्या मण्यांच्या माळा. वरून झगा घेतला तर त्याला तिसरा, बहुतेक वेळा मोठा ब्रोच. आकार प्रदेशानुसार बदलायचा. टेम्सच्या वरच्या खोऱ्यात बशीसारखे गोल, पूर्वेकडे लांबट, क्रॉससारखे दिसणारे. (त्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, तो तिथे नंतर पसरला.)

आता प्रश्न असा की हे कळलं कसं? कपडे तर कुजून गेले. एक पुरावा म्हणजे सांगाड्यावर ब्रोच नेमका कुठे होता ते. दुसरा मला जास्त भारी वाटतो: गंज. ब्रोच बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचा, पण मागची पिन बऱ्याचदा लोखंडी. पदराच्या सेफ्टी पिनेसारखी ती कापडातून गेलेली. जमिनीत ती गंजते, गंज आजूबाजूच्या धाग्यांत शिरतो आणि धागा कुजला तरी त्याचा ठसा उरतो. मायक्रोस्कोपखाली दिसतं की पीळ कुठल्या बाजूचा, वीण साधी की ट्विल, कापडाचे थर किती.

आणि इथेच वाट लागली. जुन्या संग्राहकांना समोरची चकाकी हवी होती, म्हणून कितीतरी ब्रोच घासून लख्ख केले गेले. आमच्या भाषेत, कचरा समजून लॉग फाइल्स उडवल्या. बॅकअप नाही.

सातव्या शतकात ही जोडी गेलीच. श्रीमंत बाई एकच ब्रोच लावू लागली. केंटमध्ये 1771 साली ब्रायन फॉसेटना मिळालेला किंग्स्टन ब्रोच त्यातलाच: सोनं, निळी काच, लाल गार्नेट. आज तो लिव्हरपूलला आहे. गंमत म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या काही गार्नेटचं मूळ रासायनिक तपासणीत भारत-श्रीलंकेकडे निघालंय.

आजही शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना लोकांना ब्रोच सापडतात. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या साइटवर त्यांच्या नोंदी फुकट बघता येतात. नांगराने वर आलेल्या ब्रोचचा खांदा केव्हाच हरवलेला असतो, त्यामुळे फोटो उघडलात तर आधी मागची बाजू बघा. पिन बसवायची जागा, आणि नशीब असेल तर थोडा गंज.