बहुभाषिकता आणि मानसशास्त्र : प्रा. अजित मोहंती यांचे कार्य

प्रस्तावना : द्वैभाषिकतेमुळे बालकाच्या बौद्धिक विकासास बाधा येते, हा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होता. पील व लॅम्बर्ट यांच्या मॉन्ट्रियल येथील अभ्यासाने १९६२ मध्ये त्यास छेद दिला. भारतीय संदर्भात हा प्रश्न मानसशास्त्राचे ओडिया भाषक प्राध्यापक अजित मोहंती यांनी अभ्यासला. उत्कल विद्यापीठ व पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही त्यांची कार्यक्षेत्रे होत.

संशोधन : ओडिशातील कंध आदिवासी काही भागांत कुई व ओडिया या दोन्ही भाषा बोलतात, काही भागांत मात्र केवळ ओडिया उरली आहे. समाज एकच, भेद भाषेचा. म्हणून ही तुलना अर्थपूर्ण ठरली. द्वैभाषिक मुले भाषाविषयक जाणिवेत व बोधनिक चाचण्यांत सरस आढळली. १९९४ च्या ‘बायलिंग्वॅलिझम इन अ मल्टिलिंग्वल सोसायटी’ या ग्रंथात हे विवेचन आहे.

निष्कर्ष : मोहंती यांनी ‘दुहेरी दरी’ ही संकल्पनाही मांडली. पहिली दरी इंग्रजी व प्रादेशिक भाषांमधील, तर दुसरी प्रादेशिक व आदिवासी भाषांमधील होय. इंग्रजीच्या वर्चस्वाची खंत बाळगणारा मराठी अध्यापक गोंडी वा कोरकू भाषक विद्यार्थ्यासमोर स्वतःच वर्चस्वाच्या बाजूस उभा असतो. त्या विद्यार्थ्याची मातृभाषा ही उणीव नसून अध्ययनाचे साधन आहे, हाच या संशोधनाचा शैक्षणिक अर्थ होय.